अकरा पुस्तकं, बावीस कबरी

“...मग यातलं नवशिक्याला बरं कुठलं, तेवढं सांगा.”

असं म्हणत रेगे मास्तरांनी पिशवी उपडी केली. अकरा पुस्तकं निघाली, तीन कोश निघाले आणि एक वही निघाली. मोबाइलवर अरबी शिकवणारे जेवढे म्हणून धडे आहेत, त्या सगळ्यांना वहीत शंभरपैकी मार्क दिलेले होते. मास्तर ते. मार्क दिल्याशिवाय राहवतं कुठे?

सारंगचाचांनी खराटा उंडीच्या झाडाला टेकवला. उभी हयात अरबांच्या जहाजांवर काढलेला हा म्हातारा आता खाडीकाठचं खलाशांचं कबरस्तान सांभाळत होता. बावीस कबरी. समुद्राने आणून टाकलेली माणसं, कोण कुठली ते ठाऊक नाही.

“वाचलीत?”

“सगळी चाळली. याची सुरुवात चांगली, त्याचे उच्चार चांगले. म्हणून तर ठरत नाही.”

“कधीपासून ठरत नाही?”

“दोन वर्षं.”

“आणि शिकायचंय कशाला?”

“सहज. हौस.”



हौस कसली डोंबलाची. हां, मास्तरांना स्वतःच्या अभ्यासाची घमेंड होती, ते खरं. संस्कृत शिकवण्यात सगळी नोकरी सरली, जर्मन घरी बसून शिकले, बंगाली तर काविळीत अंथरुणावर. पण अरबीची गोष्ट वेगळी होती. धाकटा भाऊ हेरंब भांडून आखातात गेला. नऊ वर्षं तो फोन करायचा आणि हे उचलायचे नाहीत. मग तो तिकडेच वारला. पाठोपाठ मास्तरांच्या मोबाइलवर एक निरोप आला. कुणी म्हातारा अरब सात मिनिटं बोलत होता. मध्ये हेरंबचं नाव घेत होता, शेवटी मास्तरांचं. तो नंबर परत कधी लागला नाही.

भाऊ जाताना माफ करून गेला की शिव्या घालून, ते त्या सात मिनिटांत असणार. आणि ते परक्याच्या तोंडून ऐकायची मास्तरांची छाती नव्हती. आपलं आपण शिकावं, दार लावून ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“चला,” चाचा उठले. “माझी फेरी राहिलीय.”

पहिल्या कबरीपाशी चाचा थांबले. काळा ओबडधोबड दगड, वर एक अक्षर नाही.

“अस्सलामु अलैकुम.”

“अस्सलामु अलैकुम,” मास्तरांनी लगेच म्हटलं. एकाने बोलायचं, आपण मागोमाग म्हणायचं. पुस्तकाबरोबरच्या सीडीने तशीच सवय लावली होती.

चाचांनी बोट वर केलं.

“मध्ये बोलू नका.”

“नाही, मी आपला उच्चार...”

“त्याचं बोलून व्हायचंय अजून.”

मास्तरांना हसू आलं. चाचांना आलं नाही.

दुसऱ्या कबरीपाशी चाचा क्षणभरच थांबले. “हा तुटक बोलतो,” म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी बराच वेळ गेला. चाचांनी दोनदा मान हलवली, अरबीत काही पुटपुटले, परत ऐकत राहिले. ओहोटी लागली होती. वारा पडला होता. नवव्या कबरीपाशी मास्तरांच्या ध्यानात आलं की आपण श्वास रोखून उभे आहोत. भर उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला.

“चाचा, तुम्ही अरबी शिकलात कुणाकडे?”

“ह्यांच्याकडे.”

“जहाजावर नाही?”

“जहाजावर नुसते हुकूम. बोलणं इथे आल्यावर.”

“पण या दगडांवर काहीच लिहिलेलं नाही.”

“मग? ही काय पुस्तकं आहेत?”

...

बाविसावी कबर झाली. मास्तरांनी घाम पुसला आणि खिशातून मोबाइल काढला.

“हौस नाही, चाचा. भाऊ आहे.”

सगळं सांगून झालं. चाचांनी एवढंच विचारलं, “किती वेळा ऐकलंत?”

“मोजदाद नाही. पाठ आहे मला.”

“लावा.”

म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला. चार वाक्यं बोलला आणि थांबला. तिथे तो नेहमीच थांबायचा. म्हातारपण, दम लागत असेल, असं मास्तर धरून चालले होते.

चाचा त्या थांबण्यात शांतपणे काहीतरी म्हणाले.

मोबाइलमधला म्हातारा हसला. ते हसू मास्तरांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. ते कशावर आहे ते कधी कळलं नव्हतं. आता ते बरोबर चाचांच्या बोलण्यावर आलं.

मास्तर खाली बसले.

म्हातारा बोलायचा, थांबायचा. चाचा उत्तर द्यायचे. म्हातारा पुढे बोलायचा. एकदा त्याने हेरंबचं नाव घेतलं, तेव्हा चाचांचे डोळे भरून आले.

“काय म्हणाला? माफ केलं का त्याने? सांगा ना...”

चाचांनी बोट वर केलं.

शेवटी नेहमीसारखं मास्तरांचं नाव आलं.

“मुकुंद?”

इथे निरोप संपायचा. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. सात मिनिटं उलटून गेली होती आणि आकडा पुढे सरकतच होता. पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तो म्हाताऱ्याचा नव्हता.

...

“चाचा, उत्तर द्या.”

चाचा उंडीच्या झाडाकडे वळले.

“पाया पडतो तुमच्या. मला त्यांची भाषा येत नाही हो. द्या ना उत्तर.”

चाचांनी खराटा उचलला, आणि जाता जाता म्हणाले,

“मराठीतच बोला, मास्तर. आता जो थांबलाय, त्याला येतं मराठी.”