पितळी पुतळा आणि घाटावरचा पट

फार फार वर्षांपूर्वी, ढग डोंगरावरून उतरून घराघरांत डोकावत असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका तळ्याकाठी एक गाव होतं. तिथं घाटाच्या पायरीवर बुद्धिबळाचा पट कोरलेला होता. संध्याकाळी पाण्यावर धुकं उतरलं की गाव तिथं जमायचं. रीत अशी, की हरणाऱ्यानं सोंगट्या तळ्यात धुवायच्या. डाव बरोबरीत सुटला, तर दोघांनी मिळून.

त्या पटावर गोदाक्का रोज आपल्या नवऱ्याशी खेळायची. आजारपणात बिचाऱ्याची वाचा गेली होती. घरी तो नुसता भिंतीकडे बघत बसे. पटापाशी आला की मात्र त्याचा हात हलायचा, डोळे हसायचे. गोदाक्काला त्याचं तेवढंच बोलणं उरलं होतं.

आणि राजाला काय सुचावं! त्यानं दूरदेशीच्या कारागिराकडून एक पितळी पुतळा आणला. पुतळा बुद्धिबळ खेळे, आणि भल्याभल्यांना हरवे. राजा हुरळून गेला. म्हणाला, "आता माणसांनी कशाला खेळायचं? घाटावरचा पट उखडा. तिथं पुतळ्याचा महाल बांधा!"

गोदाक्का तडक दरबारात गेली. "महाराज, मी या पुतळ्याकडून हरले नाही, तर पट राहू द्याल?"

राजा हसला. "एकदा सोड, दोनदा खेळ! एक डाव जरी वाचवलास, तरी पट राहील."

गोदाक्काचा खेळ म्हणजे वादळ. तिनं घोडे उधळले, हत्ती दामटले. पण पुतळा पुढच्या साऱ्या चाली क्षणात मोजायचा. त्यानं तिची एकेक सोंगटी टिपली, आणि बाई सपशेल हरली.

संध्याकाळी ती घाटावर येऊन रडली. "उद्या शेवटचा डाव. पट गेला, तर तुम्ही माझ्याशी कसं हो बोलणार?"

नवऱ्यानं तिचे डोळे पुसले. मग तिचं एक प्यादं पुढं सरकवलं, आणि त्याच्या नाकासमोर आपलं ठेवलं. शेजारी दुसरी जोडी, मग तिसरी. पटभर प्याद्यांचा बांध उभा राहिला. हत्तीला वाट नाही, वजिराला वाट नाही. तो हाताची घडी घालून निवांत तळ्याकडे बघत बसला.

"अगंबाई!" गोदाक्का म्हणाली. "चालींच्या पळापळीत तो पटाईत, आणि मी त्याच्याशी पळायलाच गेले की!"

दुसऱ्या दिवशी तिनं बांध घातला. पुतळा मोजू लागला. मोजायला पुष्कळ होतं, खायला काहीच नव्हतं. त्यानं हत्ती इकडे सरकवला, तिकडे सरकवला. गोदाक्कानं पटावरचा आपला राजा एक घर मागं नेला, एक घर पुढं आणला. मुक्या माणसाशेजारी वर्षानुवर्षं बसलेली बाई ती, तिला थांबायचा कसला कंटाळा? खिडकीतून ढग आत आले, बाहेर गेले. दरबारी पेंगू लागले.

शेवटी राजाच वैतागला. "पुरे! कोण जिंकलं?"

"कुणीच नाही, महाराज. बरोबरी झाली. आता रीतीप्रमाणे दोघांनी सोंगट्या धुवायच्या. येतोय ना तुमचा पुतळा?"

पुतळा कसला येतोय! त्याच्या वाटच्या सोंगट्या घेऊन राजालाच घाटावर जावं लागलं.

तिथं धुकं उतरलं होतं. राजानं बाह्या सारून सोंगट्या धुतल्या, पटावर मांडल्या. गोदाक्काच्या नवऱ्यानं हळूच एक प्यादं पुढं केलं, आणि समोरचा दगड हातानं थोपटला. पुतळ्यानं राजाला असं कधीच बोलावलं नव्हतं. राजा बसला, खेळला, हरला, आणि हसत हसत पुन्हा सोंगट्या धुवायला उठला.

पट तिथंच राहिला. पुतळा दरबारात चमकत राहिला, पण संध्याकाळ झाली की राजा घाटावर.

तेव्हा बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: समोरचा ज्यात वरचढ, त्यात त्याच्याशी झुंजू नये, आपल्याला जे साधतं, तिथं त्याला आणावं.