गोणीतली पहिली साल

एकदा एका देवीच्या पालखीमागून एक वृद्ध गुरुजी कचरा वेचत चालले होते, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून त्यांचा शिष्य.

पालखी डोंगराभोवतीच्या गावांतून फिरे. प्रत्येक विसाव्याला भाविकांना केळी आणि पाण्याच्या बाटल्या मिळत. तिथे झाडाला पाट्या लावलेल्या दोन गोण्या बांधलेल्या असत. एकीतल्या साली खतासाठी जात, दुसरीतल्या बाटल्या भंगारवाला नेई. गेल्या वर्षी सारेच एकत्र झाले, कुणी हात लावला नाही आणि ती घाण शेजारगावच्या विहिरीशी कुजत पडली. तिथल्या पाटलांनी बजावले होते, “औंदा आमच्या शिवारात असलं दिसलं, तर पुढल्या साली पालखी दुसऱ्या वाटेनं न्या.”

पहिल्या विसाव्यावर शिष्याला काही विचित्र दिसले. गुरुजींनी भरलेल्या गोण्यांतून थोड्या साली आणि बाटल्या काढल्या, उपरण्याखाली लपवल्या आणि ते झपाझप पुढे निघाले. शिष्य मागोमाग गेला. पुढच्या विसाव्यावर चिटपाखरू नव्हते. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिले आणि तो ऐवज रिकाम्या गोण्यांत टाकला.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला संशयाला फार पुरावा लागत नाही. ‘गोण्या भरल्याचा हा देखावा! म्हणूनच मला सतत मागे ठेवतात. म्हणूनच पाटलांशी एवढे गोड बोलतात.’ त्याला गुरुजींचे हसणेसुद्धा बनेल वाटू लागले.

शेजारगावच्या विसाव्यावर गुरुजी आपले काम उरकून वळताच त्याने दोन्ही गोण्या झाडून रिकाम्या केल्या. आता खरे काय ते दिसेल, असे त्याला वाटले.

पालखी आली. पहिल्या माणसाने गोण्यांत डोकावून पाहिले, तो घोटाळला आणि त्याने बाटली सालींच्या गोणीत टाकली. मागच्या बाईने त्या बाटलीवर साल टाकली. मग कोण कशाला विचार करतो! उरलेले झाडाखालीच पडले. पाटील कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

गुरुजी मातीत बसले आणि साली, बाटल्या वेगळ्या करू लागले.

“गुरुजी, तुमचा देखावा मी पाहिला,” शिष्य म्हणाला. “या गोण्या मीच रिकाम्या केल्या.”

गुरुजींचा हात क्षणभर थांबला. “बाळा, चालणारा माणूस पाटी वाचायला थांबत नाही. जाता जाता गोणीत डोकावतो आणि आत जे दिसेल, तेच टाकतो. म्हणून पहिली साल मी टाकतो.”

“मग लपून का?”

“समोर टाकली तर शिकवल्यासारखे होते. ते लोकांना टोचते.” ते पुन्हा वेचू लागले. “तुझेही तेच झाले. तुझ्या मनात आधी संशय पडला. नंतर माझे जे जे दिसले, ते तू त्यातच टाकत गेलास.”

शिष्याचा चेहरा उतरला. तो पाटलांपुढे गेला. “चूक माझी आहे. गुरुजींची नाही आणि पालखीचीही नाही.”

“शिवार अजून संपलं न्हाई,” पाटील म्हणाले. “म्होरल्या विसाव्याला बघू.”

शिष्याने मातीतली एक साल आणि एक बाटली उचलली आणि तो धावत सुटला.

पुढच्या विसाव्यावर पाटील पालखीच्याही आधी येऊन उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातात केळे दिले. ते खाऊन त्यांनी संशयानेच पहिल्या गोणीत डोकावले, मग दुसरीत. क्षणभर थांबले. आणि आपली साल त्यांनी सालीवर टाकली.