पंच मल्लखांब

उंबरगडचे राजे भैरोजीराव कुस्तीत कधीच हरत नसत. ते पाठीवर आपटले तरी पंच ओरडत, “महाराजांनी आभाळ चीत केलं!”

एकदा त्यांनी दरबारात विचारलं, “सर्वांत चुरशीचा आणि चोख न्यायाचा खेळ कोणता?”

“कुस्ती!” सगळे गरजले.

म्हातारे रखमाजी वस्ताद तेवढे म्हणाले, “मल्लखांब.”

“सिद्ध करा, नाहीतर हद्दपार व्हा!”

“आपणच चढून बघा, महाराज.”

राजे एरंडेल चोळलेल्या खांबावर तावातावानं चढले आणि अर्ध्यावरून घसरून धपकन खाली बसले.

“महाराज घसरले नाहीत, खांबच वर गेला!” दरबारी ओरडले.

वस्ताद हात जोडून म्हणाले, “कुस्तीचे पंच आपलं मीठ खातात, महाराज. हा खांब नुसता एरंडेल पितो.”

कंबर चोळत राजांनी हुकूम सोडला, “उद्यापासून पंचांनाही एरंडेलच पाजा!”