ओटी पोचवणारी होडी

तळेवाडी गावात यसबा नावाचा एक भोळा राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि गावाला भीती वाटायची ती त्याचीच.

गावतळ्याच्या मधोमध देवीचं देऊळ. जत्रेच्या दिवशी देवीची ओटी लहानशा होडीतून पाठवायची, ओटी घेऊन माणसानं पाण्यात उतरायचं नाही, अशी तिथली रीत. पूर्वी होडीला शीड असायचं. आता बॅटरी, मोटर आणि रिमोट आला होता. ओटीचा मान दरवर्षी एका घराला. घरं बावीस. यंदा पाळी यसबाची.

लेक तापातून उठली तेव्हा त्याच्या बायकोनं, गौरानं, देवीला ओटी बोलली होती.

"आरतीच्या आत ओटी पोचली न्हाई, तर पाळी बावीस वर्सांनी," ती म्हणाली. "तवर मी असंन नसंन. अवं, नीट करा एवढं."

यसबानं थर्माकोलची होडी केली. तिला दणकट मोटर बसवली आणि लेकीच्या खेळण्यातली बॅटरी जोडली. होडी हातभर गेली. बॅटरी पुरीसारखी फुगली.

तो मोटरी दुरुस्त करणाऱ्या कासमचाचांकडे गेला.

"आरं, मोटर मागती तीस अँपिअर, तुझी बॅटरी देती पाच," चाचा म्हणाले. "मोटर मागंल त्याच्या दुप्पट देणारी आण."

"ध्यानात ठेवतो, चाचा."

त्यानं ध्यानात ठेवलं. दुप्पट बॅटरी आणली. मोटरीला वाईट वाटायला नको म्हणून मोटरही दुप्पट आणली. बॅटरीतला करंट मोटरीला मोजून देणारा मधला कंट्रोलर तेवढा जुनाच राहिला. होडी सुटली, धूर निघाला आणि कंट्रोलर तव्यासारखा काळा पडला.

"मोटर बदल म्हणून कोन म्हनलं हुतं तुला?" चाचांनी विचारलं. "मधल्या कंट्रोलरला एवढा करंट झेपंल का? जो सगळ्यात नाजूक, तोच आधी जातो. नाजूक असंल ते काढ, दणकट घाल."

"ध्यानात ठेवतो, चाचा."

घरी येऊन यसबानं एकेका वस्तूला बोट दाबून पाहिलं. मोटर दबली नाही. बॅटरी दबली नाही. जळका कंट्रोलरसुद्धा दबला नाही. थर्माकोलला मात्र भोक पडलं. नाजूक कोण ते सापडलं. त्यानं गवंड्याकडून सिमेंटची होडी ओतून घेतली, मोठ्या कौतुकानं पाण्यावर ठेवली आणि हात काढला. होडी परत कुणाला दिसली नाही.

आता जत्रा उद्यावर आलेली. गौरा रडकुंडीला आली. तिच्याकडे पाहून चाचांनी कामधाम सोडलं आणि स्वतःच नवी होडी बांधली. तीसची मोटर, चाळीसचा कंट्रोलर, साठ देणारी बॅटरी.

"ह्या तिघांस्नी हात लावू नको," ते म्हणाले. "आनि होडीत फुकटचं ओझं नको. काम करत न्हाई ते उतरव."

"ध्यानात ठेवतो, चाचा."

जत्रेला सारं गाव काठावर जमलं. देवळात गुरव आरतीचं तबक घेऊन उभा. गौरानं होडीत खण, नारळ, तांदूळ ठेवले, हात जोडले आणि डोळे मिटले.

यसबानं होडी निरखली. बॅटरी देत होती. मोटर फिरत होती. कंट्रोलर दोघांना सांभाळत होता. त्यानं तिघांनाही हात लावला नाही.

होडी अशी सुटली की पोरं टाळ्या पिटायला लागली. गौरानं डोळे उघडले तोवर ती देवळाच्या पायरीला टेकलीसुद्धा. गौराच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुरव वाकला. त्यानं होडीत पाहिलं, होडीखाली पाहिलं, मग काठाकडे पाहिलं.

"यसबा, आरती सुरू करायची येळ झाली. ओटी कुठं हाय?"

यसबानं काखेतली ओटी दोन्ही हातांनी वर धरली.

"हितं हाय, काका. घोर नको," तो म्हणाला. मग गौराकडे वळून हसला. "चौघांत ही एकटीच नुसती बसून हुती. उतरवली, म्हणून तर आरतीच्या आत पोचलो."