शास्त्रीबुवांचे सात वाटे

एका संस्थानात नरहरशास्त्री नावाचे गणिती होते. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून त्यांना दरबारातून काढावं असा दिवाण त्रिंबकपंतांचा हट्ट होता.

राजेसाहेबांच्या वाढदिवशी खव्याच्या चौकोनी वड्यांचा ठोकळा रचला होता. लांबी, रुंदी, उंची, सगळीकडे दहा-दहा वड्या. दिवाण म्हणाले, "शास्त्रीबुवांनी सात पेठांसाठी याचे सात सारखे वाटे करावेत. वडी मोडायची नाही, उरायचीही नाही. जमलं नाही तर घरी बसावं." हजाराला सातानं भाग जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शास्त्रीबुवांनी ठोकळ्यावरून हात फिरवला. मागच्या वरच्या कोपऱ्यात बोटं पोकळीत गेली. तिथून तीन लांब, तीन रुंद, तीन उंच एवढा भाग कुणीतरी काढून नेला होता.

"होतील," ते शांतपणे म्हणाले. "घनातून घन काढला, की उरलेल्याला बाजूंच्या वजाबाकीनं भाग जातोच. दहातून तीन गेले, सात राहिले. सगळ्या वड्या सात-सातच्या ओळींत लागतील. प्रत्येक ओळीतली एकेक वडी एकेका पेठेला द्या."

तसंच केलं. प्रत्येक पेठेला एकशे एकोणचाळीस वड्या आल्या.

"पण कोपरा नेला कुणी?" राजेसाहेबांनी विचारलं.

"मला कुठं दिसतंय, महाराज? मात्र हजार वड्या पूर्ण असत्या तर आज मी हरलो असतो. ठोकळा रात्रभर मुदपाकखान्यात कुलपात होता, आणि तिथली किल्ली दिवाणजींकडे असते. ज्यानं नेल्या त्याला त्यांनी माझे आभार कळवावेत."

दिवाणांची मान खाली गेली. राजेसाहेबांनी उठून शास्त्रीबुवांचा हात धरला आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं.