सरकलेला टेकू

समुद्राकाठच्या एका गावात इनास नावाचा केळीचा बागाईतदार राहत असे. मोठा भाविक माणूस. खोटं बोलायचा नाही, रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवायचा नाही. त्या गावात सुगीच्या सणाला सगळ्यांत मोठा केळीचा घड वेदीपुढे ठेवत, आणि ज्याचा घड त्यानेच तो डोक्यावरून चर्चमध्ये न्यायचा. इतकी वर्षं हा मान इनासचाच होता.

यंदा मात्र शेजारच्या सांतानच्या बागेत असा काही घड लागला की येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबू लागले. इनासच्या पोटात दुखू लागलं. कामात लक्ष लागेना. सकाळी उठला की आधी तो कुंपणापलीकडे बघायचा. एकदा त्याला दिसलं की घडाच्या भाराने सांतानच्या केळीचा बांबूचा टेकू सरकला आहे. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

संध्याकाळी वारा सुटला नि केळ घडासकट आडवी झाली. त्या दिवशी इनास दोन घास जास्तच जेवला.

सणाच्या आदल्या दिवशी तो चर्चच्या फादरांकडे पापनिवेदनाला गेला. "फादर, माझ्या हातून काही वावगं झालेलं नाही," तो म्हणाला. त्यात खोटं काय होतं? त्याने केळीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घड डोक्यावर घेऊन तो चर्चच्या दाराशी पोचला, तर तिथे सांतान उभा.

"इनासदादा, मला माफ कर," सांतान म्हणाला. "दरवर्षी तुझा घड आत जाताना मी जळायचो. तुझी केळ पडावी असं वाटायचं. माझीच पडली, तेव्हा कळलं मी काय मागत होतो."

'जा, केलं माफ,' हे शब्द इनासच्या अगदी ओठांवर आले. चारचौघांत केवढा मोठेपणा मिळाला असता. पण त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने घड खाली उतरवला.

"सांतान, तुझा टेकू सरकलेला मी पाहिला होता. मुद्दामच सांगितलं नाही."

सांतानचा चेहरा उतरला. मग त्याने इनासचा हात धरला.

"चल," तो म्हणाला, "आधी दोघं फादरांकडे जाऊ. घड मग आत नेऊ."

तात्पर्य: हात स्वच्छ असले म्हणजे मन स्वच्छ असतंच असं नाही. पाप प्रत्येकाच्या मनात घर करून असतं. जो ते कबूल करतो, त्यालाच देवाची क्षमा चांगलं करू शकते.