टोपलीवरचे हात

एका रानात एक अस्वल राज्य करायचं. त्याचं मन इतकं मोठं, इतकं मोठं, की ते रानात मावेना. मग त्या मनासाठी त्यानं वेगळं प्रतिष्ठान काढलं आणि नाव ठेवलं 'दयाघन प्रतिष्ठान'. दयाघन हे त्याचं स्वतःचंच नाव. दुसऱ्या कुणाचं द्यायलाही ते तयार होतं हो, पण सुचलंच नाही.

प्रतिष्ठानाची पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. रानात गरजू कुणी सापडेना! टेकडीवर रानकंद मुबलक, भूक लागली की जो तो जाऊन उकरून खायचा. अशा अडाणी प्रजेची सेवा करायची तरी कशी? शेवटी अस्वलानं टेकडीला काटेरी कुंपण घातलं आणि पाटी लावली : 'गरजूंसाठी राखीव. आत येऊ नये.' थोड्याच दिवसांत रानभर गरजूच गरजू झाले. अस्वलाचा जीव भांड्यात पडला.

त्या गरजूंत सगुणा साळू होती. अंगभर काटे, पदरात दोन पोरं, आणि पोरांची तोंडं सदा उघडी. "आई, कंद!" एवढंच त्यांना बोलता यायचं. सगुणा त्यांना झाडाची साल चघळायला द्यायची आणि मनातल्या मनात त्या पाटीला शिव्या घालायची.

आता राजा स्वतः काही कंद वाटत फिरणार नाही. प्रतिष्ठान कंद देणार स्थानिक संस्थांना, आणि संस्था देणार गरजू कुटुंबांना. झालं! राजाच्या भाच्यानं संस्था काढली, मेहुण्यानं काढली, मेहुण्याशी भांडून त्याच्या बायकोनं वेगळी काढली. एके दिवशी सूत्रसंचालक तरस सगुणेच्या बिळाशी आलं.

"सगुणाताई, अभिनंदन! भरलेली टोपली तुम्हाला द्यायची ठरलीय. पोरांना घेऊन या. आणि हो, जरा खंगलेल्या दिसा."

"ते जमेल," सगुणा म्हणाली.

कार्यक्रम कुंपणाच्या आत, टेकडीवरच. बांबूचा मंच, मंचावर टोपली, टोपलीत कंदांची रास. पोरांच्या तोंडून लाळ गळायला लागली. सगुणेला भरून आलं.

"प्रथम मान्यवरांचा सत्कार!" तरस ओरडलं.

रानात नारळ कुठला मिळायला? सत्कार शाल आणि कंद देऊन. भाच्याचा झाला, मेहुण्याचा झाला, मेहुण्याच्या बायकोचा झाला. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. नंतर माईक धरला म्हणून तरसाचा, तो त्यानं स्वतःच उरकून घेतला. कंद सगळे टोपलीतूनच जात होते.

अस्वल भाषणाला उभं राहिलं. "बंधूंनो आणि भगिनींनो! माझ्या आधी या रानात एकाही गरिबाला मंचावर बोलावलं होतं का?"

"नाही!" प्रजा ओरडली. खरंच होतं ते.

"आज घराघरात गरीब आहे, आणि प्रत्येक गरिबाला मंच आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग फोटो. फोटोग्राफर वटवाघूळ, ते उलटं लटकूनच फोटो काढणार. सगळ्या मान्यवरांनी टोपलीवर हात ठेवले. ज्याचा हात पोचेना त्यानं पुढच्याच्या पाठीवर ठेवला. पलीकडून टोपली धरलेली सगुणा त्या गर्दीत दिसेचना. तिनं आत डोकावून पाहिलं, तर टोपली रिकामी.

"अहो महाराज, यात काहीच नाही!"

"ताई, भावना बघा," अस्वल दातांत अडकलेला कंद जिभेनं सोडवत म्हणालं. "आणि फोटो झाला की टोपली परत द्या. संध्याकाळी दुसरा कार्यक्रम आहे."

मग मात्र सगुणेचं टाळकं सटकलं. सगळे काटे ताठ उभे राहिले आणि ती गर्रकन वळली. साळूची पाठ म्हणजे काय चीज आहे ते मान्यवरांना एकदमच कळलं. सगळे "आई गं!" करून किंचाळले. वटवाघळानं नेमका तेव्हाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फोटोखाली ओळ छापून आली, 'मान्यवरांना आनंदाश्रू अनावर'.

सगुणा मंचाखाली घुसली. तिथल्या मातीला कंदांचा वास येत होता. ती खसाखसा उकरू लागली, पोरंही लागली. कंद निघत गेले, पोरं खात गेली, आणि बांबूखालची माती सुटत गेली. धाडकन मंच खचला आणि राजासकट सगळी दया खड्ड्यात गेली.

पण राजा तो राजाच. खड्ड्यातूनच तो ओरडला, "आजपासून नवी योजना! मंच तिथे कंद! आमच्या पहिल्या लाभार्थी, सगुणाताई!"

विरोधी पक्षाचं रानडुक्कर काठावरून गरजलं, "साफ खोटं! उकरण्याची कल्पना मूळची आमची!"

पोरं त्या दिवशी पोटभर जेवून ढेकर देत झोपली. सकाळी कुंपण दुप्पट उंच झालेलं होतं आणि पोरांची तोंडं पुन्हा उघडली. सगुणेनं दात-ओठ खाल्ले. निवडणूक तोंडावर आली होती. आता मत देऊनच हे कुंपण पाडायचं, असं तिनं ठरवलं.

मतदानाच्या दिवशी ती पोरांसकट रांगेत उभी राहिली. वाटेत प्रत्येक झाडावरच्या बॅनरवर तिचाच फोटो होता, कुठे अस्वलाशेजारी, कुठे रानडुकराशेजारी. टेबलाशी तरस बसलं होतं. त्यानं मतदारयादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि नम्रपणे हात जोडले.

"तुमचं नाव यात नाही, ताई. आणि बॅनरवर असताना यादीत हवंय कशाला?"